मागासवर्गीय मुलांचे शिक्षण, नवी मुंबई परिसरातील

मागासवर्गीय मुलांचे शिक्षण, नवी मुंबई परिसरातील : ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर १९७० नंतर वसविण्यात आलेल्या नवी मुंबई या शहराच्या व त्यास लागून असलेल्या पनवेल, उरण, कर्जत या भागांच्या क्षेत्रातील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती आणि इतर मागास वर्ग यांतील मुलांच्या शिक्षणाचा इतिहास. हे शहर पूर्वीच्या ठाणे व कुलाबा (१९८१ पासून रायगड) या जिल्ह्यांच्या भूमीवर उभे आहे. त्यामुळे त्याच्या शैक्षणिक इतिहासाचा आरंभ शहराच्या स्थापनेपासून न धरता कोकणातील आणि एकूण मुंबई इलाख्यातील अस्पृश्य मुलांच्या शाळाप्रवेशाच्या प्रश्नापासून धरावा लागतो. सरकारी शाळा सर्वांस खुली आहे, हे तत्त्व इलाख्यात फार लवकर मान्य झाले. परंतु त्या शाळेत मुलाने कोठे बसावयाचे, शाळेच्या गावी राहावयाचे कोठे आणि आपला हक्क कोणत्या कागदाने सिद्ध करावयाचा, या तीन गोष्टींचा निर्णय तत्त्वाने होत नव्हता. पुढील दीडशे वर्षांचा इतिहास मुख्यतः या तीन गोष्टींचा आहे.

या प्रश्नाचा पहिला अधिकृत निवाडा १८५६ मध्ये धारवाड येथे झाला. तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने अर्जदाराची बाजू न्याय्य असल्याचे मान्य केले, तथापि एका मुलाला घेतल्याने शाळा इतर बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने निरुपयोगी होईल, असे कारण देऊन प्रवेश नाकारला. प्रकरण कलकत्ता व लंडनपर्यंत गेले आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा जातिभेद न करता सर्व प्रजाजनांस खुल्या असाव्यात, असे कंपनीच्या संचालक मंडळाने १८५८ मध्ये स्पष्ट केले. हंटर आयोगाने (१८८२) याच तत्त्वाचा पुनरुच्चार केला. मात्र ते अंमलात आणताना सावधगिरी बाळगावी आणि आवश्यक तेथे अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा वा वर्ग काढण्यास उत्तेजन द्यावे, अशीही पुस्ती त्यास जोडली. वेगळ्या शाळेच्या या सवलतीने पुढे मूळ तत्त्वच बाजूला पडले.

सरकार कचरत होते त्याच काळात जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी पुण्यात स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढल्या. मुलींची शाळा १८४८ मध्ये निघाली आणि १८५० नंतरच्या काही वर्षांत महार-मांग मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने लिहिलेला, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ज्ञानोदयमध्ये १८५५ साली प्रसिद्ध झाला. शाळेत येऊन तीन वर्षेच झालेली मुलगी आपल्या समाजाच्या स्थितीचे कारण विचारते, ही गोष्ट शाळा काय करू शकते याचे त्या काळातील सर्वांत बोलके प्रमाण म्हणावे लागेल. हंटर आयोगापुढील निवेदनात फुल्यांनी रयतेच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असा आक्षेप घेतला आणि किमान बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला होता. वर्णावरून मुलांना वेगळे बसविणाऱ्या शाळा घटनाबाह्य ठरविण्यास त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मात्र १९५४ साल उजाडावे लागले.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. महाड, दापोली, खेड या भागांतील अनेक महार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लष्करात होती आणि पलटणींच्या शाळांतून शिपायांच्या मुलांना शिक्षण मिळत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. सेवानिवृत्तीनंतर दापोलीत वस्ती करणाऱ्या शिपायांना आपल्या मुलांसाठी गावच्या शाळेची दारे ठोठवावी लागली. जेथे मुले घेतली गेली तेथेही त्यांना वर्गाबाहेर पडवीत बसविण्याचा प्रघात होता. रावढूळ (ता. महाड) येथील गोपाळबाबा वलंगकर हे याच सैनिक परंपरेतील. त्यांनी विटाळविध्वंसन हे पुस्तक लिहिले आणि अनार्य दोषपरिहारक मंडळाच्या द्वारा या तक्रारींना वाचा फोडली. १८९० नंतर महारांची लष्करभरती बंद झाली. तीविरुद्ध झालेल्या अर्जांची चर्चा सामान्यतः नोकरीच्या अंगाने केली जाते; पण भरतीबरोबरच पलटणीची शाळाही गेली आणि कोकणातील एका मोठ्या समाजाचा विद्येशी असलेला एकमेव भरवशाचा संबंध तुटला, हे अधिक दूरगामी होते. आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. तेथे बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे. प्रवेश होता, जागा नव्हती, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे व नगरपालिकांकडे सोपविण्यात आला. लोकशाहीच्या दृष्टीने ही सुधारणा होती. तथापि मंडळांवर ज्यांचे वर्चस्व होते त्यांच्याच हाती अस्पृश्य मुलांचा प्रवेशही गेला. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, न्यायालये व शाळा यांचा वापर अस्पृश्यांना खुला करण्याची शिफारस केली. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९-२० मार्च १९२७) या ठरावाच्या आधारे झाला. पाण्याच्या प्रश्नामुळे ठरावातील शाळेचा भाग इतिहासलेखनात काहीसा झाकला गेला आहे. कुलाबा जिल्ह्यातील तळे ज्या कारणाने बंद राहिले त्याच कारणाने जिल्ह्यातील वर्गही बंद राहत होते, कारण दोन्हींची किल्ली स्थानिक संस्थेकडे होती. ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये नेमलेल्या समितीत आंबेडकर व ठक्करबाप्पा सदस्य होते. समितीने १९३० च्या अहवालात स्वतंत्र शाळांऐवजी सामाईक शाळांचा आणि शिष्यवृत्त्या व वसतिगृहे यांच्या विस्ताराचा पुरस्कार केला.

वसतिगृहे : माध्यमिक शाळा तालुक्याच्या गावी असत आणि खेड्यातील अस्पृश्य मुलाला त्या गावात भाड्याने खोली मिळणे अशक्य होते. त्यामुळे वसतिगृह हे शाळेला जोडलेले सोयीचे अंग न राहता शाळेची पूर्वअट ठरले. महाराष्ट्रातील शैक्षणिक समतेच्या चळवळीची खरी करामत वर्गात नव्हे, तर वसतिगृहात दिसते, असे म्हणण्यास आधार आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे उभारली, १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सामाईक शाळांत घेण्याचा हुकूम काढला. वेगळी वसतिगृहे व एकत्र शाळा असा हा क्रम होता. वरवर विसंगत वाटणाऱ्या या धोरणामागील तर्क स्पष्ट आहे. राहण्याची सोय प्रथम न केल्यास एकत्र शाळेचा हुकूम कागदावरच राहिला असता. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सर्व राज्यभर सक्तीचे मोफत शिक्षण लागू केले होते. आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेस जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली तीही त्यांनीच. मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीने (१९०६) परळ येथे शाळा काढली.

बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना २० जुलै १९२४ रोजी झाली आणि तिचे पहिले वसतिगृह जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे सुरू झाले. १९२८ मध्ये आंबेडकरांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारने मंजूर केलेल्या वसतिगृहांची व्यवस्था तिच्याकडे देण्यात आली. पनवेल व ठाणे ही त्यांपैकी दोन गावे होत. म्हणजे आज नवी मुंबईच्या दोन टोकांना असलेल्या या दोन गावांत, शहराची कल्पनाही नसताना, कोकणातील दलित मुलांना राहून शिकण्याची सोय झाली होती. पनवेल हे मुंबई-पुणे मार्गावरील बाजारपेठेचे गाव. दक्षिण कोकणातून येणारी वाटही तेथेच मिळत असल्याने ही निवड व्यवहारी होती. सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत जेवावे व श्रमाने शिकावे, हा प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत (१९१९) व साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगमध्ये (१९२४) केला. या संस्थेची महाविद्यालये पुढे पनवेल, उरण तालुक्यातील फुंडे आणि वाशी येथे निघाली व गावठाणांतील पदवीधरांची पहिली पिढी बऱ्याच अंशी त्यांतून तयार झाली.

आदिवासी मुले : या भागात कातकरी, ठाकूर व महादेव कोळी या प्रमुख जमाती आहेत. कातकऱ्यांची गणना शासनाने आदिम जमातींत केली आहे. पूर्वी कात पाडणे व कोळसा पाडणे हे त्यांचे व्यवसाय होते. नंतर वीटभट्टीवरील मजुरी आली. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते व पावसाच्या तोंडावर परत येते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मुलाचे भट्टीवरचे दिवस नेमके त्याच्या मध्यभागी पडतात. पटावर नाव आहे व मूल नाही, ही स्थिती त्यामुळे उद्‌भवते. तिला पालकांची अनास्था म्हणणे सोपे आहे, पण भट्टीमालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी सबंध कुटुंबाने राबावयाचे, अशी या व्यवसायाची रीत आहे.

या प्रश्नाचे सर्वांत मूलगामी उत्तर तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच शोधले गेले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या साहाय्याने १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाड येथे वारली वस्तीत नेले. मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळा पाड्याच्या अंगणात भरविण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. परिसरातील पाने, बिया, शिंपले ही शिक्षणसाधने बनली. केंद्र शासनाने १९७५ मध्ये सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील ‘अंगणवाडी’ हे नाव व तिची मूळ कल्पना या कार्यातून आली आहे. शासनाने मात्र डोंगराळ भागात मुख्यतः निवासी आश्रमशाळांचा मार्ग पत्करला. आश्रमशाळेने मुलाची जेवण्याराहण्याची सोय केली, तशी त्याची घरापासून व बोलीपासून ताटातूटही केली. भोजन, निवास व आरोग्य यांविषयीच्या तक्रारी तिच्या इतिहासात वारंवार आढळतात. तरीही तिला पर्याय उरलेला नाही. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी जुलै १९२३ नव्हे, तर अगदी अलीकडे, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली, तेव्हा वाडीतील काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी वसई भागात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा भरविल्या. भोंगा म्हणजे मजुराची तात्पुरती झोपडी. पनवेल तालुक्यात तारा येथील युसुफ मेहेरअली सेंटर (१९६१) याने शाळा चालविल्या आहेत. खारघरच्या डोंगरावरील फणसवाडी व चाफेवाडी यांसारखे पाडे तर शहराच्या हद्दीत येऊनही शाळेसाठी डोंगर उतरण्यावाचून सुटलेले नाहीत.

स्वातंत्र्योत्तर तरतुदी : संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली. मद्रासमधील जातिनिहाय प्रवेशपद्धती न्यायालयाने रद्द ठरविल्यावर १९५१ मध्ये पहिल्या दुरुस्तीने १५ (४) हे कलम घालण्यात आले व राखीव जागांना घटनात्मक आधार मिळाला. महाराष्ट्रात लगेच एक नवा पेच निर्माण झाला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांतील मुले अनुसूचित जातींच्या व्याख्येबाहेर पडली. राज्य शासनाने आपल्या सवलती त्यांना चालू ठेवल्या. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. चौतीस वर्षांच्या या कालावधीत बौद्ध पालकांपुढे मुलाच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहावा, हा प्रश्न उभा राहत असे. आत्मसन्मान व शिष्यवृत्ती यांपैकी एकाची निवड करावयास लावणारी ही तरतूद इतकी वर्षे टिकली, ही स्वातंत्र्योत्तर शैक्षणिक धोरणातील ठळक उणीव होय.

नवी मुंबई : शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पासाठी निश्चित करण्यात आल्या. या गावांत आगरी व कोळी समाजांची बहुसंख्या होती. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर त्यांचा निर्वाह चाले. या व्यवसायांना शाळेच्या दाखल्याची गरज नव्हती. जमीन गेल्यावर उपजीविकेसाठी नोकरी आणि नोकरीसाठी शिक्षण आवश्यक झाले, परंतु शाळेची पिढी तयार होण्यापूर्वीच जमीन गेलेली होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत व नंतर न्हावा-शेवा बंदरात (१९८९) भूमिपुत्रांना मिळालेली कामे बहुधा खालच्या श्रेणीची राहिली, याचे एक कारण हेच. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यातून १९९० मध्ये आली. भूखंडाचा प्रश्न ज्या तीव्रतेने लढविला गेला, त्या तीव्रतेने गावठाणातील शाळेचा लढविला गेला नाही. सिडकोने प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना विद्यावेतन दिले. पण विद्यावेतनाने महाविद्यालयाच्या दारापर्यंत न पोहोचलेल्यांना फारसा लाभ होत नाही.

नियोजित वसाहतींत शाळांसाठी भूखंड राखले गेले आणि ते खाजगी संस्थांना मिळाले. १९८३ पासून राज्यात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यावर वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर हे भाग शिक्षणसंस्थांनी गजबजले. एकाच शहरात त्यामुळे दोन प्रकारच्या शाळा शेजारी शेजारी नांदू लागल्या : वसाहतीतील शुल्क घेणारी इंग्रजी माध्यमाची शाळा आणि गावठाणातील वा झोपडपट्टीतील सार्वजनिक शाळा. येथे कोणी कोणाला पडवीत बसवीत नाही. वेगळेपणा शुल्काने व अंतराने साधला जातो. नवी मुंबई महानगरपालिकेने (कारभार १ जानेवारी १९९२ पासून) मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालविल्या आणि अलीकडे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळाही काढल्या. या शाळांतील प्रवेशासाठी पालकांची गर्दी होते, ही गोष्ट सार्वजनिक शाळेला पालक पाठ फिरवितात या समजास छेद देणारी आहे.

पारसिकच्या डोंगरालगतच्या तुर्भे, दिघा इ. भागांतील दगडखाणींवर आणि शहराच्या बांधकामांवर मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक व तेलंगण येथून मजूर आले. त्यांत दलित, वडार व बंजारा कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या मुलांबाबत तिसरा, म्हणजे कागदाचा, प्रश्न विशेष तीव्र झाला. बंजारा हे कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात. वडारांचीही स्थिती अशीच. राज्य ओलांडताना जातीवरून मिळणारी वागणूक बरोबर येते, सवलत मात्र येत नाही. आंध्र प्रदेशातून लहानपणी मुंबईत आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याने वैद्यकीय प्रवेशासाठी राखीव जागेवर हक्क सांगितला असता, जन्मराज्यातील दर्जा स्थलांतरिताला दुसऱ्या राज्यात लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. स्थलांतरितांच्या श्रमावर उभ्या राहणाऱ्या शहराच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. दगडखाण, बांधकाम, रेती व नाका कामगारांच्या मुलांसाठी महानगरपालिकेने स्वतंत्र शिष्यवृत्ती ठेवली असून तिचा आधार जात नसून पालकाचा व्यवसाय हा आहे. या पेचातून काढलेली ती एक सुज्ञ वाट म्हणता येईल.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, अशी त्यात तरतूद आहे. नवी मुंबईसारख्या, खाजगी शाळांचे प्राबल्य असलेल्या शहरात तिचे महत्त्व उघड आहे. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, ज्यांच्या एक किलोमीटर परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा आहे अशा खाजगी शाळांना या बंधनातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द ठरविला व पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. या जागांसाठीचे अर्ज संगणकीय प्रणालीद्वारे घेतले जातात. अर्जासोबत निवासाचा पुरावा आणि जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो.